विहाराला विकलेला भाऊ

तालुक्याच्या दवाखान्यातून विन्हला घरी आणल्याला चार दिवस झाले होते आणि चारही दिवस तो प्यायला नव्हता. लुआला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. चार दिवस तो याआधीही कितीदा राहिला होता. एकदा तर चांगले पाच महिने राहिला. तेव्हा तिने आनंदाच्या भरात शेजारणींना चहाला बोलावलं होतं, आणि त्याच आठवड्यात विन्ह बदकांच्या तळ्याकाठी चिखलात उपडा पडलेला सापडला. त्यानंतर ती दिवस मनातल्या मनात मोजायची, पण कुणाला सांगायची नाही.

या खेपेला रक्ताची उलटी झाली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी लुआला बाजूला घेऊन बजावलं, "यापुढे एक पेलासुद्धा विष समजा." जणू पेला लुआच तोंडाला लावणार होती. सगळ्यांची हीच तऱ्हा. विन्हने कुणाचं कुंपण मोडलं की लोक लुआच्या दारात येत, कुणाला शिवी दिली की माफी लुआने मागायची. बावन्न वर्षांच्या बाईला एकेचाळीस वर्षांच्या भावासाठी किती जणांसमोर मान खाली घालावी लागते याची आता तिला लाजही उरली नव्हती, नुसता कंटाळा उरला होता.

पाचव्या दिवशी सकाळी हिएनचा फोन आला. हिएन म्हणजे लुआची एकुलती एक लेक, हायफाँगला दिलेली. तिचे दिवस भरत आले होते, तीन आठवडे उरले होते. पहिलं बाळंतपण आईकडेच, हे दोघींनी कधीचं ठरवलं होतं.

"आई, सासूबाई परत विचारत होत्या. इथेच करा म्हणतात."

"इथे सगळी तयारी झालीय. कोळसे आणून ठेवलेत."

"कोळशांचंच बोलतेय मी. महिनाभर मी बाजेवर पडून राहणार, खाली शेगडी, कुशीत बाळ. आणि मामा पिऊन घरभर धडपडणार. टेटच्या सणात स्वयंपाकघर पेटवलं त्याने, विसरलीस? माझा नवरा तिकडे आला की अजून छपराकडे बघत बघत जेवतो."

"आता तो पीत नाही."

"किती दिवस झाले?"

लुआने फोन दुसऱ्या कानाला धरला.

"मी भांडत नाही गं," हिएनचा आवाज उतरला. "तुझ्याकडेच यायचंय मला. पण तो असेल तर येणार नाही, आणि पुढेही बाळाला घेऊन येणार नाही. रविवारपर्यंत सांग, म्हणजे इथे तरी सोय बघता येईल."

फोन ठेवून लुआ मागावर जाऊन बसली. आन लोई गावात लव्हाळ्याच्या चटया विणतात आणि त्या मागाला दोन माणसं लागतात. एकाने लांब काठीने लव्हाळ्याची काडी ताण्याच्या दोऱ्यांतून सारायची, दुसऱ्याने जड फणी धाडकन ओढून ती ठोकून बसवायची. काडी सारायला विन्ह बसला. हात थरथरत होते, तरी काडी अचूक जात होती. गावात त्याच्याइतक्या सफाईने कुणी काडी सारत नसे, आणि हे लुआचं दुसरं दुःख होतं. नुसताच नालायक असता तर सोपं गेलं असतं.

"हिएन होती ना?" त्याने विचारलं. "काय म्हणते आमची राणीसाहेब?"

"तू असलास तर येणार नाही म्हणते."

"बरोबर बोलते," तो म्हणाला. "मीसुद्धा आलो नसतो."

असा होता तो. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कायम तयार, आणि साक्ष दिली की सुटलो असं मानणारा. लुआने फणी जोरात ओढली.

"विन्ह, उद्या महिन्याचा पहिला दिवस आहे. उद्या आपण विहारात जायचं. तुला सोडवून आणायचं."

काडी अर्ध्यावर थांबली. "ताई, परत तेच?"

"परत नाही. एकदाही झालेलं नाही ते. या वेळी पळालास तर या घरात परत येऊ नकोस."

हे सोडवण्याचं प्रकरण लुआच्या उरावर अठ्ठावीस वर्षं बसलं होतं. विन्ह आठ महिन्यांचा असताना इतका आजारी असायचा, इतका रडायचा, की आईने त्याला गावच्या विहारातल्या राखणदार देवाला विकला. न टिकणारी पोरं आन लोईत आजही अशी विकतात. हे मूल आजपासून देवाचं, आम्ही नुसते सांभाळणारे, असं लाल कागदावर लिहून देतात. देवाच्या मुलाला हात लावायची पीडेची छाती होत नाही. मग तेराव्या वर्षी चिकट भात आणि फळं घेऊन जायचं, देवाचे आभार मानायचे आणि मुलाला सोडवून घरी आणायचं. सोडवायचं राहिलं तर तो माणूस कुठलाच राहत नाही, जन्मभर भटकतो, असं म्हातारी माणसं म्हणतात.

विन्हच्या तेराव्या वर्षातच आई गेली. बाप त्याआधीच गेला होता. लुआ चोवीस वर्षांची, शेजारच्या वाडीत नवीन लग्न होऊन गेलेली. ती आली तेव्हा आईची वाचा गेली होती. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी आटोपल्यावर दन आत्याने सुपारी कातरता कातरता विचारलं, "पोराला सोडवलं होतं का गं तुझ्या आईने?" लुआ तशीच उठली. तिने विन्हला परसात गाठलं. "आईने तुला विहारात नेलं होतं का रे?" त्याने मान हलवली, नाही. तिने त्याला कवटाळलं आणि आई गेली तेव्हाही रडली नव्हती इतकी रडली. दुसऱ्या दिवशी त्याला आपल्या सासरी घेऊन गेली.

आई-बापाच्या मरणाचं सुतक तिकडे तीन वर्षं पाळतात, तोवर असली कामं होत नाहीत. तीन वर्षांनी विन्ह सोळाचा झाला होता आणि विहाराचं नाव काढलं की गायब व्हायचा. ज्याला सोडवायचं तो समोर बसावा लागतो, दुसरं कुणी बसून चालत नाही. विसाव्या वर्षी तो पहिल्यांदा झिंगून आला, आणि लुआच्या मनाने लगेच निवाडा केला की हे माझ्यामुळे. मग त्याची बायको निघून गेली, तेही माझ्यामुळे. हनोईतलं गवंडीकाम सुटलं, पाय मोडला, स्वयंपाकघर जळलं, सगळं माझ्यामुळे. तिचा नवरा सहा वर्षांपूर्वी वारला तो भला माणूस होता. तो एकदाच म्हणाला होता, "लुआ, देवाने धरून ठेवलेला माणूस इतकी दारू पीत नसेल." त्यावर ती त्याच्याशी आठवडाभर बोलली नव्हती.

आणि आता हिएनचा रविवार जवळ आला होता. विन्हला सोडवला तर तो सुधारेल. सुधारला तर हिएन येईल. मग लेक आणि भाऊ दोघंही पदरात राहतील. या हिशेबावर तिचा विश्वास बसला होता असं नाही, पण दुसरं काही सुचत नव्हतं.

सकाळी तिने मूग घालून चिकट भात शिजवला, कमळबियांची खीर केली, केळ्यांचा फणा आणि विड्याची पानं टोपलीत रचली. विन्हने दाढी केली, तिच्या नवऱ्याचा पांढरा शर्ट घातला. शर्ट त्याच्या अंगात पिशवीसारखा लोंबत होता. मोपेडवर मागे बसून तो टोपली सांभाळत होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडून सांगत होता, "सासरी चाललोय, सासरी!" लोक हसत होते. लुआही हसली, आणि हसलो याचाच तिला राग आला.

विहाराच्या गुरुमाई ऐंशीच्या घरातल्या. ऐकायला कमी येई, पण दिसायचं सगळं. त्यांनी विन्हला आपादमस्तक न्याहाळलं.

"हे बाळ सोडवायचंय?"

"जरा उशीर झाला, गुरुमाई," विन्ह हात जोडून म्हणाला. "वाटेत चिखल होता."

गुरुमाईंच्या ओठांच्या कडा हलल्या. "कुठल्या वर्षी विकला होता गं याला? आधी नोंद काढावी लागेल, कागद जाळायचा असतो. जुन्या वह्या मागच्या खोलीत आहेत."

"जुन्या वह्या आहेत अजून?" विन्हने विचारलं. "मला वाटलं, वाळवीने खाल्ल्या असतील."

"वाळवी आली होती. मी तिला दुसरी खोली दिली."

विन्ह हसला आणि उठला. "मी जरा हातपाय धुऊन येतो, ताई. देवासमोर बसायचं म्हणजे..."

लुआ गुरुमाईंच्या मागे गेली. खोलीत उदबत्तीचा आणि ओल्या कागदाचा वास होता. दोघींनी मिळून पत्र्याची पेटी उघडली. डुकराचं वर्ष, आठवा महिना. गुरुमाईंनी बोट फिरवत फिरवत नोंद काढली. विन्हचं नाव, आईबापाची नावं. मग त्यांचं बोट त्याच ओळीच्या शेवटी गेलं आणि थांबलं.

"हा सुटलाय."

"काय?"

"सोडवलाय याला. हे बघ. उंदराचं वर्ष, म्हणजे याचं तेरावं, नववा महिना, पौर्णिमा. आई स्वतः आली होती. मोठ्या गुरुजींचं अक्षर आहे, मी तेव्हा इथे झाडलोट करायचे. बाई खूप आजारी होती. पायऱ्या बसत बसत चढली. आठवतंय मला, कारण तिला पाणी मीच दिलं होतं. आणि पोरगं होतं बरोबर. केळी खात होतं."

लुआने ओळ वाचली. पुन्हा वाचली. आई गेली ती त्या वर्षाच्या अकराव्या महिन्यात. आई काहीही विसरली नव्हती. लुआही काही विसरली नव्हती, कारण विसरण्यासारखं काही उरलंच नव्हतं. अठ्ठावीस वर्षं ती ज्या गुन्ह्याची शिक्षा भोगत होती तो गुन्हा कधी घडलाच नव्हता. तिला वाटलं आता छाती मोकळी होईल, रडू येईल. तसलं काही झालं नाही. तिला फक्त खाली बसावंसं वाटलं, आणि ती पेटीवरच बसली.

विन्ह दारात उभा होता. किती वेळ, कुणास ठाऊक.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

त्याने नजर चुकवली नाही. हे त्याचं चांगलं होतं, की वाईट, हे तिला कधीच ठरवता आलं नव्हतं.

"हो."

"मी तुला विचारलं होतं. परसात. तू नाही म्हणालास."

"तेरा वर्षांचा होतो, ताई. आई गेल्यापासून मला कुणी जवळ घेतलं नव्हतं. सगळे नुसते 'बिचारा' म्हणायचे आणि ताटात भात वाढायचे. तू इतकी घाबरून विचारत होतीस... मला वाटलं नाही म्हटलं तर काहीतरी होईल. आणि झालं. तू मला पोटाशी धरलंस. तुझ्या घरी नेलंस." त्याने खांदे उडवले. "मग खरं कधी सांगायचं? रोज सांगीन म्हणायचो. नंतर प्यायला लागलो, आणि तू म्हणायला लागलीस की चूक तुझी. कुणीतरी म्हणत होतं की चूक माझी नाही. मी कसा नको म्हणणार होतो?"

लुआला तो परसातला मुलगा लख्ख दिसला. बारीक मान, मोठे कान. त्या मुलावर तिला रागावता येईना. उठावं, याला पुन्हा जवळ घ्यावं आणि म्हणावं, जाऊ दे रे, झालं ते झालं, असं तिला मनापासून वाटलं. ती उठलीसुद्धा. त्याच्यापाशी गेली, आणि वास आला. कोवळा, ताजा, तांदळाच्या दारूचा. विहाराच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर तो हातपाय धुऊन आला होता.

"एकच घोट," तो घाईने म्हणाला. "धीर यायला. वही सापडणार हे कळलं मला. उद्यापासून बघ ताई, खरंच..."

लुआ वळली. "गुरुमाई, त्याला परत विकता येईल का? जन्मभरासाठी? मी लिहून देते."

गुरुमाईंनी वही मिटली. "बाप्या माणसाला देव काय करणार? आणि विकायला काय, सोडवायला काय, आई लागते. तू बहीण आहेस, पोरी. याच्यावर तुझी सही कधीच चालली नसती. ना तेव्हा, ना आता." मग त्या विन्हकडे बघत मोठ्याने म्हणाल्या, "मागे भाजीचा मळा आहे. पाणी ओढायला माणूस हवाय. दोन वेळचं जेवण, झोपायला जागा, दारू बंद. राहायचं तर आजपासून राहा. कागद नको, सही नको."

विन्हने कमरेत वाकून नमस्कार केला. "फार उपकार, गुरुमाई. नक्की विचार करतो."

विचार करतो म्हणजे काय, हे लुआला पाठ होतं. देवापुढे ठेवलेली टोपली तिने उचलली नाही. विहारातल्या माणसांनी जेवावं म्हणून तशीच ठेवली आणि बाहेर आली. ऊन चढलं होतं. तिने मोपेड चालू केली तसा विन्ह सवयीने मागे येऊन बसला. गाडी दबली.

"उतर," ती म्हणाली.

"काय झालं?"

"उतर, विन्ह."

"अगं घरी जाऊन भांड ना. इथे लोक बघतात." तो हसत होता. त्याला खरंच वाटत होतं की ती भांडतेय.

ती भांडत नव्हती. तिच्यात भांडायचं त्राणच नव्हतं. गाडीचं इंजिन धडधडत होतं आणि ती समोर रस्त्याकडे बघत बसून राहिली, मागे वळून बघितलं तर आपलं काही खरं नाही हे ओळखून.

"हिएन येतेय," ती म्हणाली. "माझ्याकडे बाळंत होणार आहे ती. तुझे कपडे मी शेजारी मो वहिनीकडे ठेवते, तिथून घेऊन जा. घरी येऊ नकोस."

मग गाडी हलकी झाली. तो शेजारी येऊन उभा राहिला, तिच्या नवऱ्याच्या शर्टात, आणि तेव्हा पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"कुठे जाऊ मग, ताई?"

या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे कायम तयार असायचं. दवाखान्यात जा, आत्याकडे जा, झोपायला जा, जेवायला चल. अठ्ठावीस वर्षांत एकदाही ती अडली नव्हती. मागे विहाराचं फाटक उघडंच होतं, मळा तिथून दिसत होता. तो त्याला दिसत होता की नाही, हे तिने बघितलं नाही. तिने बोट दाखवलं नाही, तेही तिला फार जड गेलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली, आणि निघाली.

वाटेत तीन जणांनी हात दाखवून विचारलं, भाऊ कुठाय? तिने गाडी थांबवली नाही. घरी पोचल्यावर तिने आधी हात धुतले, मग हिएनला फोन लावला.

"ये," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यातच ये. शेवटच्या दिवसांत प्रवास नको."

"मामा?" हिएनने विचारलं.

"तो इथे नाही."

"मग कुठे आहे?"

"ठाऊक नाही."

"आई, तू रडतेयस का?"

"नाही गं. दमलेय." आणि मग तिला रडू आलं. हिएन फोन धरून बसून राहिली, मधून मधून नुसतं "आई, आई" म्हणत.

दुपारी लुआने त्याचं अंथरूण उन्हात टाकलं, बाजेखालच्या दोन रिकाम्या बाटल्या काढल्या, खोली झाडून घेतली. कपड्यांचं गाठोडं मो वहिनीकडे नेऊन दिलं. मो वहिनीने घेतलं, पण म्हणाली, "सख्खा भाऊ आहे गं. कुठे मरून पडला तर?" मरूनही पडेल. तेही लुआने वाटेत येताना धरलंच होतं. हिएनचं बाळ महिन्याचं व्हायच्या आतही एखाद दिवशी कुणीतरी धावत येऊन सांगेल, आणि तेव्हा गाव तिला बोल लावेल, आणि ती स्वतःलाही लावेल.

परत येऊन ती ओसरीवर बसली. गल्लीत एक फटफटी वळल्याचा आवाज आला तशी ती उठून अंगणात आली. फटफटी फाटकासमोर मंदावली. तो असावा असं तिला वाटत होतं, आणि तो नसावा असंही, आणि दोन्हींतलं जास्त काय वाटतंय हे तिला सांगता आलं नसतं. फटफटी पुढे निघून गेली. मासळीवाला होता.

आन लोईत दिवसा कुणी फाटकाला कडी लावत नाही. लावली तर घरात कुणी मेलं की काय, म्हणून शेजारी विचारायला येतात. लुआ फाटकापाशी गेली, कडी ओढली, गंजलेली होती म्हणून दोन्ही हातांनी ओढली, आणि ती बसेपर्यंत सोडली नाही.